अमेरिकेत अटकेनंतर २४ तासांत कोर्टात हजर करण्याचा नियम आहे का?

आपल्या घटनेच्या कलम २२ सारखा २४ तासांचा आकडा तिथल्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, फौजदारी नियमांत नाही. नियम ५ एवढंच सांगतो, की 'विनाकारण विलंब न करता' दंडाधिकाऱ्यासमोर न्या. या शब्दांना दात आणले ते सर्वोच्च न्यायालयाने, १९५७ च्या मॅलरी खटल्यात.

वॉशिंग्टनमध्ये १९ वर्षांच्या एका मुलाला बलात्काराच्या संशयावरून दुपारी अडीचच्या आत पकडलं. दंडाधिकारी जवळपासच उपलब्ध होते, तरी त्याला तिकडे नेलं नाही. रात्री आठनंतर पॉलिग्राफवर, म्हणजे खोटं पकडण्याच्या यंत्रावर, बसवलं आणि दीडेक तासाने तो कबुलीकडे वळला. गप्प राहण्याचा हक्क आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. खालच्या कोर्टाने फाशी सुनावली होती. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शिक्षा रद्द केली: विलंबाच्या काळात काढलेली कबुली पुरावा म्हणून चालणार नाही.

यावर बराच गदारोळ झाला. शेवटी १९६८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा करून अटकेनंतरच्या पहिल्या सहा तासांतली स्वेच्छेची कबुली केवळ उशीर झाला म्हणून नाकारायची नाही, असं ठरवलं. सहा तासांनंतर मात्र मॅलरीचा नियम लागू होतो, हे २००९ च्या कॉर्ली खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी स्पष्ट झालं.

मला मॅलरीचा निकाल योग्यच वाटतो. आधी कबुली, मग कोर्ट, ही सवय मोडायलाच हवी होती. हे सगळं फक्त फेडरल खटल्यांपुरतं. राज्यांचे नियम वेगळे आहेत.