सस्पेन्स, रहस्य आणि पांदणीतला चकवा

आर्वी तालुक्यातले एक शेतकरी वाचक विचारतात : ‘हरभऱ्याच्या जागलीला मोबाइलवर कादंबऱ्या वाचतो. सस्पेन्स कादंबरी म्हणजे रहस्यकथाच का? अर्बन फँटसीला मराठीत काय म्हणावं? आमच्या पांदणीत लागणारा चकवा तिच्यात बसतो का?’

भाऊ, सस्पेन्स आणि रहस्य एक नव्हेत. रहस्य कथानकात असतं, सस्पेन्स वाचणाऱ्याच्या जिवात. खून कोणी केला हे शेवटपर्यंत झाकून ठेवलं, तर ती रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकरांनी ती घरोघरी पोचवली. पण खुनी पहिल्याच पानावर कळला, तो दाराआड उभा आहे आणि घरात शिरणाऱ्या बाईला त्याचा पत्ता नाही, तर तिथं रहस्य काहीच उरत नाही. सस्पेन्स मात्र पुरेपूर असतो. ‘मंग काय व्हईन?’ म्हणून आपण पान उलटतो. या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘टांगणं’ हा अर्थ आहे, आणि मराठीत जीव टांगणीलाच लागतो! ‘उत्कंठा’ जवळचा शब्द, पण लेक माहेरी यायची असली तरी उत्कंठा असतेच. तिच्यात धास्ती नाही. म्हणून मी सस्पेन्सच ठेवीन. तो आपल्या बोलण्यात कधीचाच मुरला आहे.

गूढकथा आणखी वेगळी. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचल्या असतील तर लक्षात येईल, की उलगडा झाल्यावरही काहीतरी आपल्या बुद्धीच्या पलीकडे राहतं. रहस्यकथेला ते चालत नाही.

आता अर्बन फँटसी. ‘नागरी’ नको, त्यानं सहकारी बँक आठवते. ‘शहरी अद्भुतकथा’ म्हणावं. अद्भुत हा भरताच्या नाट्यशास्त्रातला रस, विस्मय हा त्याचा स्थायीभाव, आणि या कादंबऱ्यांत नेमका तोच हवा असतो. जग आजचं, रस्ते-रेल्वे खरे, आणि त्यातच एक अनोळखी दार उघडतं. पण ‘शहरी’ हे नुसतं विशेषण नाही. इंग्रज लेखक नील गेमनच्या १९९६च्या ‘नेव्हरव्हेअर’ कादंबरीत लंडनच्या भुयारी स्टेशनांची नावंच जिवंत होतात : ‘अर्ल्स कोर्ट’ म्हणजे खरोखरच अर्लचा, एका इंग्रज सरदाराचा, दरबार. ते शहर काढून घेतलं तर गोष्टच उरत नाही.

तुमचा चकवा याच कसोटीवर पाहा. ओळखीचाच धुरा, ओळखीचीच बाभूळ, तरी माणूस रातभर तिथल्या तिथं फिरतो. विस्मय तोच, पण तो शिवारातून उगवतो. त्यावर कोणी आजची कादंबरी लिहिली, पांदणीत मोटरसायकल आणि मोबाइलचा टॉवर असला, तरी मी तिला शहरी म्हणणार नाही. ‘शिवारातली अद्भुतकथा’ म्हणेन, आणि ती वऱ्हाडीत लिहिलेली मला फार आवडेल.

लिहिताना एवढं सांभाळा : ‘भूत’मधला भू दीर्घ, ‘अद्भुत’मधला भु ऱ्हस्व.