मलेशियाच्या लंकावी बेटावर बोटीत राहायला येतोयस? मग हे ऐक

पहिल्याच दिवशी एसी विकत घेऊ नकोस. आधी ताडपत्री. बूमवरून (शिडाच्या आडव्या दांड्यावरून) अख्खं डेक झाकेल अशी शिवून घे, निम्मा उकाडा तिथेच अडतो. मे ते ऑक्टोबरात दुपारी दार-खिडक्या लावून गेलास तर गाद्यांना बुरशी येते. गादीखाली हवा खेळती ठेव. पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच रिकामी कर, त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात.

पण खरी मेख पाण्याखाली आहे. किनाऱ्याची वीज जोडलीस की अर्थिंगच्या तारेतून तुझी बोट शेजारच्या सगळ्या बोटींशी जोडली जाते. खारं पाणी मध्ये, वेगवेगळे धातू दोन्हीकडे, म्हणजे झाली बॅटरी. तुझं झिंक, म्हणजे बाकीचे धातू वाचवायला मुद्दाम लावलेला जस्ताचा तुकडा, आधी झिजतं, ते संपलं की बोट ढकलणाऱ्या पंख्याचा नंबर. माझं झिंक तीन महिन्यांत बोराच्या बीएवढं उरलं होतं. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (अर्थिंगच्या तारेतला हा झिजवणारा प्रवाह अडवणारं यंत्र) बसव आणि महिन्यातून एकदा स्वतः बुडी मारून बघ. पंख्यावरचे शिंपलेही तेव्हाच खरवडून टाक.

मलाक्काच्या सामुद्रधुनीत विजा फार. गडगडाट सुरू झाला की किनाऱ्याची वायर काढ, हातातला जीपीएस आणि जादा फोन ओव्हनमध्ये ठेव. हसू नकोस, लोखंडी पेटी आहे ती, विजेचा झटका आतल्या वस्तूंपर्यंत सहसा पोचत नाही! फक्त नंतर केक भाजण्याआधी आठवण ठेव.

बेट ड्यूटी-फ्री आहे, १९८७ पासून. दारू स्वस्त मिळते. जपून.