नव्या फ्लॅटमधल्या जादा बाथरूमची स्टोअररूम करायची आहे. कमोडवर फळी टाकून कपाट केलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: थ्री-बीएचकेचा नुकताच ताबा मिळालाय, बाथरूम तीन आणि माणसंही तीनच. पॅसेजमधलं पाच बाय सात फुटांचं कॉमन बाथरूम बंद करून तिथे सामान ठेवायचंय. सुतार म्हणतो, कमोडवर फळी टाकून वरपर्यंत कपाट करू, दोन दिवसांत मोकळे.

सामान ठेवा, पण सुताराचं हे ऐकू नका. या कामात आधी प्लंबर येतो, सुतार सगळ्यात शेवटी.

जमिनीवरच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये (सांडपाण्याच्या वाटेतलं पाणी धरून ठेवणारं वळण) आणि कमोडच्या वळणात साधारण 50 मिमी पाणी कायम उभं असतं. ड्रेनेजचा वास, झुरळं आणि ते बारीक पंखांचे किडे घरात येत नाहीत ते एवढ्या दोन इंच पाण्यामुळेच. वापर थांबला की हे पाणी आटतं. उन्हाळ्यात तर काही आठवडे पुरतात. मग चादरींना, बॅगांना वास मारू लागतो आणि वासाचं तोंड नेमकं त्या पक्क्या कपाटाखाली गाडलेलं असतं. इमारतीची उभी लाइन तुंबली तर सगळ्यात खालच्या मजल्यांवरच्या कमोडमधून आणि ट्रॅपमधून घाण पाणी वर येतं, ते वेगळंच. तुमचा फ्लॅट पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर असेल तर हे विशेष ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट, फरशी फोडू नका. बाथरूमखाली सनकन स्लॅबमध्ये (पाइपांसाठी खोल सोडलेल्या स्लॅबमध्ये) भर असते, त्याखाली वॉटरप्रूफिंग. लादी समतल करायच्या नादात ते दुखावलं तर गळती खालच्यांच्या छतातून दिसेल. ताबा दिल्यापासून 5 वर्षांत कळवलेला बांधकामातला दोष बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, हे रेरा कायद्याच्या कलम 14(3) मध्ये आहे. तुम्ही फोडाफोड केलेली असली की बिल्डर तिकडेच बोट दाखवणार. शिवाय उद्या फ्लॅट विकताना किंवा घरात कुणाला गुडघ्यांचा त्रास सुरू झाल्यावर हे बाथरूम पुन्हा लागू शकतं. म्हणून सगळं पुन्हा पहिल्यासारखं करता येईल असंच करा. सोसायटीला कामाचं पत्र द्या. भिंती आणि डक्टकडच्या (इमारतीचे उभे पाइप जातात त्या पोकळीकडच्या) लाइनला हात लावायचाच नाही.

आता पाणी. बाथरूमचा कन्सील्ड स्टॉप कॉक, म्हणजे भिंतीत बसवलेला मुख्य व्हॉल्व्ह, बंद करा. मुंबई-ठाण्याकडच्या बऱ्याच इमारतींत फ्लशची लाइन वेगळ्या टाकीवरून येते, तिचा व्हॉल्व्हही वेगळा असतो. तो राहून गेला तर कमोडचा अँगल कॉक (भिंतीतून पाणी देणारा छोटा कॉक) काढताक्षणी पॅसेजमध्ये तळं होईल. दोन्ही बंद करून नळ उघडे ठेवा, पाणी पूर्ण थांबलं की पुढे चला. नुसत्या अँगल कॉकच्या भरवशावर राहू नये, वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक ठिबकायला लागतो. बेसिन, जेट, सिस्टर्न (फ्लशची टाकी), शॉवर आणि गीझरचे दोन, असे सगळे पॉइंट मोजा, आणि प्रत्येकाला 15 मिमी पितळी डमी (आट्यांचं बूच) लावून घ्या. टेफ्लॉन टेपचे दहा-बारा वेढे आट्यांच्या दिशेने. प्लॅस्टिकचे डमी बांधकामापुरते असतात, ते कायमचे ठेवू नका. डमी आवळताना पाना अंगात आल्यासारखा फिरवला तर भिंतीतला पितळी आट्यांचा एल्बो (कोपऱ्याचा जोड) फिरतो, त्याला जोडलेल्या सीपीव्हीसी (प्लॅस्टिकच्या) पाइपला तडा जातो, आणि ते आठ-पंधरा दिवसांनी भिंतीला ओल आल्यावर कळतं. हाताने बसेल तेवढा आणि वर पाऊण-एक फेरा, बस. मग पाणी सोडून प्रत्येक डमीखाली टिश्यू पेपर चिकटवा आणि एक दिवस थांबा. कागद कोरडा राहिला तरच पुढचं काम.

कमोड जमिनीवर बसवलेला असेल तर फ्लश करा, उरलेलं पाणी स्पंजने टिपा, बुडाशी असलेलं सिलिकॉन किंवा व्हाइट सिमेंट पातळ पात्याने सगळीकडून कापा, स्क्रू सोडवा, मग हलकेच डोलवत उचला. व्हाइट सिमेंटमध्ये पक्का बसवलेला कमोड कधी कधी फुटतो, तयारी ठेवा. एस-ट्रॅप असेल तर पाइपचं तोंड जमिनीत दिसेल, पी-ट्रॅप असेल तर भिंतीत. काम चालू असताना त्यात फडकं कोंबा, पण त्याला दोरी बांधून. फडकं आत गेलं तर अख्ख्या लाइनचं काम निघतं. मग 110 मिमीचा एंड कॅप (पाइपचं झाकण) सोल्युशन, म्हणजे पाइपचा डिंक, लावून बसवा. लादी पाइपला अगदी चिकटून असेल आणि कॅपला जागाच नसेल, तर नट आवळला की फुगणारा चार इंची रबरी प्लग मिळतो, तो चालतो. सिमेंटचा गोळा भरून तोंड लिंपणारे प्लंबर भेटतील, त्यांना थांबवा. सिमेंट खाली घसरलं तर वरच्या मजल्यांचीही लाइन तुंबते.

भिंतीवरचा कमोड सोपा. दोन बोल्ट सोडले की निघतो. भिंतीतली सिस्टर्न तशीच राहू द्या, फक्त रिकामी करा आणि फ्लशप्लेट झाकू नका.

नहाणी ट्रॅपबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. तो बंद करण्यापेक्षा चालू ठेवा. म्हणजे एक नळ ठेवायचा, पोछ्याची बादली तिथेच भरायची आणि तिथेच ओतायची. ट्रॅप आपोआप भरलेला राहतो आणि स्टोअररूमला लागून झाडू-पोछ्याचा कोपरा मिळतो. हे नको असेल तर जाळी काढून आतल्या तोंडाला मापाचा रबरी प्लग बसवा. बेसिन काढलंत तर बॉटल ट्रॅपमागचा (बेसिनखालच्या बाटलीसारख्या भागामागचा) वेस्ट पाइपही कॅप करा, तो हमखास विसरला जातो. शेवटी दार लावून एक दिवस ठेवा, मग पेटती उदबत्ती प्रत्येक कॅपजवळ धरून पाहा. धूर फुंकल्यासारखा एका बाजूला सरकला तर तिथून हवा येते आहे.

गीझर काढाच, आणि त्याचा एमसीबी बंद ठेवा.

रॅकच्या आधी छत बघा. तुमच्या वरही कुणाचं तरी बाथरूम आहे. फॉल्स सीलिंगचं दार उघडून टॉर्चने पाहा, पांढरे डाग किंवा ओल असेल तर आधी त्याचा निकाल लावा. ते दार पुढेही उघडता आलं पाहिजे.

लूव्हरची खिडकी डक्टमध्ये उघडत असेल तर तिला बारीक जाळी लावा. एक्झॉस्ट ठेवा, पण बंद असताना आपोआप मिटणाऱ्या पडद्यांचा, नाहीतर डक्टची हवा उलटी आत येते. दाराखाली 10-12 मिमी फट असू द्या. पावसाळ्यात ओलावा शोषणारे कॅल्शियम क्लोराईडचे डबे ठेवलेत तर ते खालच्या कप्प्यात, ट्रेमध्ये ठेवा. त्यांत साचलेलं पाणी सांडलं तर लोखंड खातं.

आता रॅक. पक्कं फर्निचर नको, पावडर कोटिंगचे अँगलचे रॅक घ्या. सात फुटी भिंतीला 18 इंच खोल, समोर 12 इंच, भिंतींपासूनचे दोन-दोन इंच सोडून मध्ये दोन फुटांहून थोडी जास्त वाट उरते. दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडणारं करून घ्या, नाहीतर समोरचा रॅक दारापाशी अडेल. जमिनीला ट्रॅपकडे उतार असतो, सात फुटांत वीसेक मिमी सहज, म्हणून खाली-वर होणारे पाय हवेत. रॅक भिंतीपासून दोन इंच पुढे, खालचा कप्पा जमिनीपासून सहा इंच वर. ड्रिल शक्यतो टाळा. भिंतीत पाइप कुठून गेलेत ते बिल्डरच्या नकाशात दिसेलच असं नाही, आणि नळांच्या व शॉवरच्या सरळ उभ्या रेषेत तर भोक पाडायचंच नाही. प्लायच लावायचा असेल तर आयएस 710 चा (मरीन प्लाय), साधा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) इथे फुगतो.

वजनाचं गणित: बाथरूमचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो धरून आखतात. पाच बाय सात म्हणजे सव्वातीन चौरस मीटर, म्हणजे सगळं मिळून साडेसहाशे किलोच्या आसपास. पुस्तकांनी छतापर्यंत भरलेले दोन रॅक हा आकडा सहज ओलांडतात.

सुटकेस, शिडी, व्हॅक्यूम क्लीनर, गणपतीचं मखर, आकाशकंदील, टबमधले जादा डबे, हे सगळं बिनधास्त ठेवा. गाद्या, कागदपत्रं आणि उघडं धान्य नको. भरलेला गॅस सिलिंडर तर अजिबात नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर अशा बंद, खोलगट जागेत तळाशी साचून राहतो. इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरीही इथे नको, चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते.

काम झाल्यावर प्रत्येक डमी आणि कॅपचा फोटो काढा, जमिनीपासूनच्या मापासह. त्याची एक प्रत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.