नैकरेषीय: सगळे नाहीत, की कोणतेच तीन नाहीत?

प्रश्न असा: 'प्रतलातील ५ नैकरेषीय बिंदूंपैकी ४ निवडून बहिर्वक्र चौकोन करता येतोच' या वाक्यात 'नैकरेषीय' बरोबर आहे का? (बहिर्वक्र म्हणजे एकही कोपरा आत न वळलेला.)

नाही. त्या शब्दाने विधानच खोटे पडते.

न + एकरेषीय = नैकरेषीय, वृद्धिसंधी चोख आहे. घोळ नकाराचा आहे. शाळेच्या भूमितीत हा शब्द बहुधा ३ बिंदूंसाठी भेटतो, तिथे शक्यता दोनच: एका रेषेवर आहेत किंवा नाहीत. चौथा बिंदू आला की 'न' कशाला लावायचा हे ठरवावे लागते.

फोड पाहता सरळ अर्थ निघतो तो 'सगळे एका रेषेवर नाहीत' एवढाच. आता अ, ब, क, ड एका रेषेवर घ्या आणि इ बाहेर ठेवा. पाचही मिळून नैकरेषीयच! पण कोणतेही ४ उचला, त्यांत रेषेवरचे किमान ३ येतात आणि चौकोन होत नाही. चौकोनाचे हे मूळ निरीक्षण गणिती एस्तेर क्लाइन यांचे. एर्डॉश आणि सेकेरेश या गणितींचा १९३५चा निबंध त्यातूनच निघाला. त्यातली अट 'कोणतेही ३ बिंदू एकरेषीय नाहीत' अशी आहे.

गंमत म्हणजे गणिती सिल्व्हेस्टर यांच्या १८९३च्या प्रश्नात नेमके उलटे होते. सांत (मोजून संपणाऱ्या) संख्येचे बिंदू सगळे एकरेषीय नसतील, तर बरोबर दोनच बिंदूंतून जाणारी एक तरी रेषा असते का? इथे 'नैकरेषीय' अगदी चपखल. क्लाइन यांची कडक अट इथे घातली, तर अशी प्रत्येकच रेषा दोन बिंदूंची होते आणि सिद्ध करायला काही उरत नाही.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. पहिल्या अर्थासाठी दोन भिन्न बिंदू धरून उरलेले प्रत्येकी एकदा तपासले की झाले. दुसऱ्यासाठी सरळसोट पद्धतीने सगळी त्रिकुटे पाहावी लागतात: ५ बिंदूंची १०, १०० बिंदूंची १,६१,७००.

'सर्व बिंदू एकरेषीय नाहीत' हेही टाळा, ते दोन्हीकडे झुकते. 'सगळेच बिंदू एकरेषीय नाहीत' म्हणा, तो 'च' कामाचा आहे. 'कोणतेही ३ एकरेषीय नाहीत' यासाठी 'सामान्य स्थिती' ही संज्ञा वापरलीत, तर अट शेजारीच लिहा. डेलॉने त्रिकोणीकरणात (बिंदू जोडून त्रिकोण पाडण्याच्या एका पद्धतीत) तीच संज्ञा 'कोणतेही ४ बिंदू एका वर्तुळावर नाहीत' असेही सांगते.