सुकीच्या पात्रात घासलेली थार : क्लेम घ्यावा की खिशातून खर्च करावा?

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळीची शेती आहे. घरच्या २१८४ सीसीच्या डिझेल थारला चौथे वर्ष चालू असून आजवर विम्याचा एकही क्लेम घेतलेला नाही. नऊ दिवसांपूर्वी, रविवारी, मित्रांच्या तीन गाड्यांबरोबर सातपुड्यातल्या पाल गावाकडे गेलो असता सुकी नदीच्या पात्रात आमची गाडी घसरली आणि तिची उजवी बाजू खडकाला घासली. गाडी भाचा चालवत होता. त्याच्याकडे लायसन्स आहे. अधिकृत वर्कशॉपने ४७,००० रुपयांचे एस्टिमेट दिले आहे. जळगावचा एक डेंटर जुनेच दार ठोकून, रंगवून १७,००० रुपयांत देतो म्हणतो. प्लास्टिकचे भाग वेगळे. वडील म्हणतात, इतकी वर्षे हप्ता भरला, मग हक्काचा पैसा सोडायचा कशाला? एजंट सांगतो, नदीचे नाव काढू नका, हायवेवर घासली असे लिहा. पॉलिसीचे नूतनीकरण पाच आठवड्यांवर आले आहे. काय करावे?

उत्तर : आपण एस्टिमेट, पॉलिसीची प्रत आणि गाडीचे सहा फोटो पाठवलेत हे फार बरे केलेत, कारण अशा प्रश्नांची उत्तरे तत्त्वात नसतात, बिलाच्या ओळींत असतात. माझे मत आधीच सांगतो : गाडी लिफ्टवर चढवून खालून तपासून घ्यावी आणि तिथे काही मोठे निघाले नाही, तर क्लेम न घेता खिशातून दुरुस्ती करावी. हे मत कशावरून बनले ते पुढे सविस्तर लिहितो, म्हणजे वडिलांना ते वाचून दाखवता येईल.

वडिलांच्या म्हणण्याला मी चूक म्हणणार नाही, कारण ते केळीच्या विम्याच्या अनुभवातून आलेले आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तापमान किंवा वारा ठरलेल्या पातळीपलीकडे गेला की भरपाई मिळते, आणि यंदा भरपाई मिळाली म्हणून पुढल्या वर्षी आपल्या वाट्याचा हप्ता वाढत नाही. तिथे हक्काचा पैसा सोडणे हा खरोखर वेडेपणा ठरेल. मोटार विम्याची रचना मात्र उलटी आहे. क्लेम घेतला नाही तर नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, चढत जातो : पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. एक क्लेम घेतला की तो शून्यावर येतो आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावा लागतो. म्हणजे इथे भरपाई घेण्याची एक किंमत आहे, फक्त ती आज मागितली जात नाही. पुढली पाच वर्षे थोडी थोडी कापली जाते.

ती किंमत आपल्या बाबतीत किती, ते मांडून पाहू. आपल्या पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा, बोनस वजा करण्यापूर्वीचा हप्ता १५,००० रुपये दिसतो. बोनस फक्त याच रकमेवर मिळतो, तृतीय पक्षाच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपोटीच्या, हप्त्यावर नाही, हे लक्षात असू द्यावे. क्लेम घेतला नाही तर आपला बोनस येत्या नूतनीकरणात ४५ टक्के आणि त्यानंतर दरवर्षी ५० टक्के राहील. क्लेम घेतला तर तो अनुक्रमे ०, २०, २५, ३५ आणि ४५ टक्के असेल. पाच वर्षांचा फरक ४५, ३०, २५, १५ आणि ५, म्हणजे एका वर्षाच्या हप्त्याच्या १२० टक्के होतो. गाडीची विमा किंमत दरवर्षी उतरेल, त्याबरोबर हप्ताही उतरेल, म्हणून मी १८,००० रुपये न धरता १६,००० धरतो. त्यावर १८ टक्के जीएसटी मिळवला की सुमारे १९,००० रुपये होतात. मधल्या काळात आणखी एखादा मोठा क्लेम घ्यावाच लागला तर हा तोटा अर्थातच कमी भरेल, कारण बोनस तेव्हा गेलाच असता.

आता दुसरी बाजू, म्हणजे विमा कंपनीकडून हाती काय येईल. एस्टिमेट ४७,००० रुपयांचे आहे म्हणून ४७,००० रुपये मिळतील अशी बहुतेकांची समजूत असते, आणि गाडी घ्यायला गेल्यावर काउंटरवर ती मोडते. आपण झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचे जादा कव्हर, घेतलेले नाही, त्यामुळे घसारा (वापराने भागांच्या किमतीत धरलेली घट) कापला जाणार. उजवे दार नवे बसवण्याचे १५,००० रुपये लिहिले आहेत. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या पत्र्याच्या भागांवर २५ टक्के घसारा लागतो, म्हणजे ३,७५० रुपये गेले. चाकावरची क्लॅडिंग (प्लास्टिकची पट्टी) आणि आरशाचे कव्हर मिळून ८,००० रुपये. प्लास्टिकवर गाडीचे वय न पाहता निम्मा घसारा, म्हणजे ४,००० रुपये गेले. रंगकामाचे १२,००० रुपये एकत्रित लिहिलेले आहेत. अशा वेळी त्यातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरून त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे १,५०० रुपये गेले. मजुरीच्या ५,००० रुपयांना धक्का नाही. पायदान मात्र आपण गाडी घेतल्यानंतर बाहेरून बसवलेले आहे आणि पॉलिसीत त्याची नोंद नाही, त्यामुळे त्याचे ७,००० रुपये पूर्ण आपल्याकडे. शेवटी १५०० सीसीवरच्या गाडीला लागणारी २,००० रुपयांची सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकानेच सोसायची रक्कम. सगळे मिळून १८,२५० रुपये आपल्या खिशातून जातील आणि कंपनी २८,७५० रुपये देईल.

इथवर पाहिले तर क्लेम फायद्याचा वाटतो : २८,७५० रुपये मिळतात आणि १९,००० रुपयांचा बोनस जातो, म्हणजे पावणेदहा हजार रुपये वर उरतात. बहुतेक लोक हिशेब इथेच थांबवतात, आणि माझ्या मते चूक इथेच होते. कारण ही तुलना ४७,००० रुपयांच्या दुरुस्तीची ४७,००० रुपयांच्याच दुरुस्तीशी झाली. आपल्याला स्वतःचे पैसे मोजायचे असते तर आपण नवे दार बसवले असते का? आपणच लिहिले आहे की बिजागऱ्या सरळ आहेत, दार नेहमीसारखे लागते आणि काच व्यवस्थित वरखाली होते. असे दार बदलायचे विमा आहे म्हणून सुचते. खिशातून द्यायचे म्हटले की आपण डेंटरकडे १७,००० रुपये (त्यात वाकलेले पायदान सरळ करणेही आले) आणि प्लास्टिकच्या भागांचे ८,००० रुपये, असे २५,००० रुपये घालवून मोकळे झाला असता. क्लेमच्या वाटेने मात्र आजचे १८,२५० आणि पुढल्या पाच वर्षांचे १९,००० असे ३७,२५० रुपये जातात. नव्या दारासाठी आणि अधिकृत वर्कशॉपच्या रंगासाठी साधारण १२,००० रुपये जास्त मोजायचे आहेत का, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. जी गाडी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा सातपुड्यातल्या दगडगोट्यांतून जाणार आहे, तिच्यासाठी मी ते मोजणार नाही. माझ्या स्वतःच्या गाडीच्या मागल्या दारावर बाभळीच्या फांदीने ओढलेली हातभर रेघ दोन पावसाळे तशीच आहे; पत्रा उघडा पडलेला नाही, म्हणून ती राहू दिली.

आपल्या गाडीचे तसे नाही. तिसऱ्या फोटोत दाराच्या खालच्या घडीजवळ तीन बोटे रुंद पट्ट्यात रंग आणि प्रायमर दोन्ही खरवडून पत्रा चमकतो आहे, आणि त्या घडीत पात्रातला गाळ सुकून बसला आहे. तो गाळ पाण्याने नीट धुऊन काढा आणि पावसाळा लागण्यापूर्वी तेवढ्या भागावर प्रायमर मारून घ्या, मग बाकीचे काम आठवडाभर लांबले तरी चालेल. मागच्या पॅनलवरचे नुसते ओरखडे रबिंगने बरेच निघतील. डेंटरला आधीच सांगून ठेवा की पोचा आतून उचलायचा आहे, वरून पुट्टीचा थर चढवून सपाट करायचा नाही. काम झाल्यावर साधे लोहचुंबक कापडात गुंडाळून दारावर फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे पुट्टी जाड भरलेली आहे. ठोकलेले दार आणि नवे दार यांत गाडी विकताना थोडा फरक पडतो हे खरे आहे, पण चोखंदळ गिऱ्हाईक क्लेमचा इतिहासही विचारते.

एजंटचा सल्ला मात्र आपण अजिबात मानू नये, क्लेम घ्यायचा ठरला तरी. खोटी माहिती दिल्याचे उघड झाले तर कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि पुढे एखाद्या मोठ्या अपघातात आपल्या शब्दाला वजन राहत नाही. नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरला ओरखड्यांची दिशा वाचता येते. खालून वर गेलेले चरे आणि घडीतला गाळ हायवेवर मिळत नाहीत. गंमत म्हणजे खोटे बोलण्याची गरजच नाही. खासगी गाडीच्या प्रमाणित पॉलिसीत कच्च्या रस्त्यावर किंवा नदीपात्रात गाडी नेणे वर्ज्य नाही. वर्ज्य आहे ते भाड्याने देणे, मालवाहतूक करणे, आणि आयोजित शर्यत, वेगाची चाचणी किंवा टिकाऊपणाची चाचणी यांत गाडी उतरवणे. चार मित्र रविवारी फिरायला गेले ही शर्यत नव्हे. प्रवेश फी भरून, वेळ लावून घेतलेल्या कार्यक्रमात गेला असता तर गोष्ट वेगळी होती. पत्राच्या शेवटी आपण सहज लिहिले आहे की हंगामात याच गाडीतून खताच्या गोण्या आणि केळीचे घडही नेता. त्या फेरीत अपघात झाला तर कंपनी मालवाहतुकीचे कलम पुढे करू शकते, तेव्हा घडांसाठी ट्रॅक्टरच बरा. आणि पालच्या बाजूने यावल अभयारण्य सुरू होते. त्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय गाडी घालणे हा विम्यापेक्षा मोठा प्रश्न आहे, त्याची खातरजमा आपली आपण करावी.

मागचा बंपर फेब्रुवारीत ट्रॉलीला लागून चेपला आहे, तोही याच क्लेममध्ये बसवता येईल का, असे आपण विचारले आहे. नाही. प्रत्येक घटना हा वेगळा क्लेम असतो आणि प्रत्येकाची वजावट वेगळी कापली जाते.

आता लिफ्टविषयी. गाडी खडकावर बाजूने घसरली तेव्हा खालचे आर्म, स्टिअरिंगचे रॉड किंवा चॅसिसला मार बसला असेल तर तो फोटोत दिसत नाही. तपासणी याच आठवड्यात करा, कारण घटना घडल्यावर कंपनीला विनाविलंब कळवणे ही पॉलिसीची अट आहे आणि नऊ दिवस आधीच गेले आहेत. खालचे भाग ठोकून वापरण्याजोगे नसतात, बदलावेच लागतात, त्यामुळे तिथे स्वस्तातला पर्याय उरत नाही आणि हिशेब फिरतो. वर मोजलेला १२,२५० रुपयांचा फरक भरून निघण्यासाठी, २५ टक्के घसारा धरून, खालच्या धातूच्या भागांचा खर्च साधारण १६,००० रुपयांच्या पुढे जायला हवा. तो तसा गेला तर सगळा क्लेम एकत्र घ्यावा आणि बोनसची हळहळ करू नये. एक सावधगिरी सांगतो : क्लेम नोंदवून नंतर मागे घ्यायचा झाला, तर तो काहीही रक्कम न देता बंद केल्याचे कंपनीकडून लेखी घ्या, नाहीतर नूतनीकरणाच्या वेळी बोनसवरून वाद होतो. आणि नूतनीकरणात बोनस घेऊन मग जुन्या पॉलिसीवर क्लेम टाकू असा विचार मनात असेल, तर तो बोनस कंपनी परत वसूल करते.

२५,००० रुपये कुठून आणायचे हे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. पीककर्जाच्या खात्याला हात लावू नये. ते पैसे बागेचे आहेत आणि वेळेवर फेडीची व्याजसवलत गाडीच्या रंगापायी धोक्यात घालण्यात अर्थ नाही. केळीचे पेमेंट येईपर्यंत आज फक्त प्रायमरचे काम करून घ्या, डेंटरकडे गाडी नंतर गेली तरी चालेल. पुढे मात्र दरमहा दोन हजारांची आवर्ती ठेव फक्त गाडीच्या नावाने चालवावी, म्हणजे पुढल्या ओरखड्याला हा पत्रव्यवहार करावा लागणार नाही.

नूतनीकरणाच्या वेळी एजंट झिरो डेप पुढे करेल. ते असते तर यावेळी घसाऱ्याचे ९,२५० रुपये वाचले असते, पण बोनस तरीही गेलाच असता. या दोन गोष्टींची गल्लत बरेच जण करतात. बोनस राखायचा असेल तर त्यासाठी वेगळे कव्हर असते, आणि वर्षाकाठी किती क्लेमपर्यंत ते लागू होते ते कागदावर वाचूनच घ्यावे. आपली गाडी जिथे जाते ते पाहता मी या दोन्हींच्या आधी इंजिन संरक्षणाचे कव्हर घेईन. पात्रात गाडी बंद पडली आणि आत पाणी गेलेले असताना पुन्हा स्टार्टर मारला, तर इंजिन जाम होते. साध्या पॉलिसीत ते परिणामी नुकसान म्हणून नाकारले जाते, आणि ते बिल दाराच्या बिलासारखे २५,००० रुपयांत मिटत नाही. पायदान आणि बाहेरून बसवलेले दिवे यांची किंमत या वेळी पॉलिसीत लिहून घ्या. पुढे लोखंडी बुल बार बसवायचा विचार असल्याचे आपण लिहिले आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच अशा गार्डविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळवले आहे, तेव्हा तो खर्च वाचवा.

डेंटरकडे गाडी देताना पोचा उचलून झाल्यावर आणि पुट्टी भरण्यापूर्वी, पत्रा उघडा असतानाचा दाराचा एक फोटो काढून बिलासोबत ठेवा. गाडी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक त्या दारावर बोट ठेवणारच.