पुस्तकं घ्यायची घाई नको

कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात सगळी यादी विकत घेऊ नकोस. आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तुझ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घे, मग तो हातात धरूनच माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे जा. हुतात्मा चौकातही जुनी पुस्तकं मिळतात, पण क्रमिक पुस्तकांसाठी मी माटुंगाच सांगेन. अनुक्रमणिका अभ्यासक्रमाशी ताडून बघ आणि मधली पानं फाटलेली नाहीत ना, तेही तपास.

भाव ठरवतानाच विचार, "काका, वर्षाअखेरीस परत आणलं तर किती द्याल?" जो आकडा सांगतील, तो पहिल्या पानावर त्यांच्याच हातून लिहून घे. पाचशेला घेतलेलं अडीचशेला परत गेलं, तर वर्षाचं भाडं अडीचशेच पडलं. म्हणून खुणा पेन्सिलीनेच कर.

जाडजूड संदर्भग्रंथ मात्र विकत घेऊच नकोस, कॉलेजच्या लायब्ररीत बस. बुक बँक, म्हणजे क्रमिक पुस्तकं वापरायला देऊन नंतर परत घेणारी सोय, आहे का, तेही पहिल्याच दिवशी विचार. प्रती लवकर संपतात.

तुझी मैत्रीण लॉला आहे ना? तिला सांग, फौजदारी कायद्याचं जुनं पुस्तक कितीही स्वस्त मिळालं तरी नको. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलमांचे क्रमांकच बदलले.