पायदळी जाणारी वैरण

प्रश्न : कोल्हापूरपासून सात-आठ किलोमीटरवर आमचा मळा आहे. ऊस येणार नाही अशा तीन एकर मुरमाड माळाला तारेचे कुंपण घालून त्यात दोन घोड्या आणि एक घोडा मोकळे सोडतो. पावसाळ्यात चरायला गवत पुरते; दिवाळीनंतर मात्र कडबा आणि वाळलेले गवत विकत आणावे लागते. दिवसाची वैरण सकाळी एकदाच कुंपणाच्या आत पसरून टाकतो. संध्याकाळी पाहावे तर निम्मी तुडवलेली असते. चंदी (हरभऱ्यासारखा दाण्याचा खुराक) घमेल्यात देतो, तिचीही तीच गत. वैरणीचा खर्च डोईजड झाला आहे. लोखंडी गव्हाण करून घेतल्यास उपयोग होईल का? – एक वाचक, तालुका करवीर

उत्तर : गव्हाणीचा उपयोग होईल, पण लोहाराकडे जाण्यापूर्वी एक सकाळ मोकळी काढून कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसावे, अशी माझी आपणांस विनंती आहे. मी हे अनेकदा केले आहे. घोडा कडब्याची पेंढी तोंडात धरून झटकतो, पाने ओढून खातो, जाड धांडा खाली टाकतो आणि आणखी पाने शोधत एक पाऊल पुढे सरकतो. ते पाऊल टाकलेल्या धांड्यावरच पडते. तेवढ्यात दांडगी घोडी कान मागे पाडून येते, तो बाजूला होतो, ती त्याच्या ढिगावर उभी राहते आणि तिचा ढीग तिसऱ्याला मिळतो. अर्ध्या तासात तिघांनीही एकमेकांचे ढीग तुडवलेले असतात. नंतर कोणीतरी त्यावरच लघवी करते, आणि लघवीने भिजलेल्या वैरणीला घोडा भुकेला असला तरी सहसा तोंड लावत नाही. या साऱ्यात भूक भागवण्याचा काळ थोडा आणि वैरणीवर उभे राहण्याचा काळ मोठा असतो.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात वाया जाणारे गवत प्रत्यक्ष मोजण्यात आले आहे. वाळलेल्या गवताचे छोटे चौकोनी गठ्ठे जमिनीवर घातले असता सुमारे १३ टक्के गवत वाया गेले; गवताच्या जाळीदार मांडणीतून घातल्यास ५ टक्के, टोपलीसारख्या साधनातून ३ टक्के आणि वर पट्ट्यांची चौकट असलेल्या पेटीतून अवघा १ टक्का. त्याच विद्यापीठात अनेक दिवस पुरतील असे मोठे गोल गठ्ठे कोणत्याही साधनाशिवाय उघड्यावर ठेवले, तेव्हा वाया गेलेले प्रमाण ५७ टक्के होते. आपली ‘निम्मी’ वैरण या दुसऱ्या आकड्याच्या जवळ जाते, आणि त्याचे कारण मला तरी गव्हाणीच्या अभावापेक्षा एकाच वेळी घातलेल्या ढिगात अधिक दिसते. म्हणून आधी वैरण मोजून आणि वाटून घालण्यास आरंभ करावा, गव्हाण त्यानंतर.

मोजण्यासाठी घोड्याचे वजन हवे. काटा नसला तरी शिंप्याच्या टेपने काम भागते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यावा, खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत अंगाची लांबी घ्यावी. घेराला घेराने गुणून, त्यास लांबीने गुणून, आलेल्या संख्येला ११,८८० ने भागले की वजन किलोमध्ये मिळते. घेर १५५ आणि लांबी १४५ असलेल्या घोड्याचे वजन या हिशेबाने सुमारे २९३ किलो भरते. घोड्याला दिवसाला वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडे खाद्य लागते, म्हणजे या घोड्याला सहा किलोच्या आसपास. कडब्यात थोडा ओलावा असतोच, म्हणून साडेसहा किलो कडबा धरावा. हिरव्या गवतात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते, त्यामुळे तेवढ्याच पोषणासाठी ते २५ ते ३० किलो लागते. आपल्या पेंढीचे वजन एकदा ताणकाट्यावर करून पाहावे. नजरेने पेंढ्या घालणारा माणूस सहसा हात सैल सोडतो, आणि जास्तीची प्रत्येक पेंढी पायाखालीच जाते.

मात्र बचत म्हणून वैरणीच्या वेळा कमी करू नयेत. घोडा गाई-म्हशीप्रमाणे रवंथ करणारा प्राणी नाही. त्याचे पोट शरीराच्या मानाने लहान असते, त्यात आम्ल अखंड झरत राहते, आणि त्या आम्लाला शमवणारी लाळ केवळ चावतानाच सुटते. पाच-सहा तास पोट रिकामे राहिले की पोटात व्रण होण्याची आणि पुढे आधाशासारखे खाऊन पोटशूळ उठण्याची भीती असते. म्हणून दिवसाची वैरण तीन किंवा चार वेळा विभागावी आणि सर्वांत मोठा वाटा रात्रीसाठी ठेवावा. पुढची वैरण घालायला जाल तेव्हा मागचे मूठभर शिल्लक असेल तर माप बरोबर. जमीन चाटलेली दिसली तर थोडे वाढवावे.

जागेची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. ढीग तीन असतील तर दांडगी घोडी एकावर हक्क सांगून दुसऱ्यावर चालून जाते. चार ढीग केले की हुसकलेल्याला जायला जागा मिळते. दोन ढिगांत पंधरा ते वीस फूट अंतर असावे. जागा उंचवट्यावर, दरवाजा आणि पाण्याच्या हौदापासून लांब घ्यावी, कारण दोन्हीकडे घोड्यांची ये-जा आणि चिखल असतो. आपला माळ मुरमाड आहे म्हणता, तर पावसाळ्यातही ही जागा तग धरेल. गगनबावड्याकडच्या धो-धो पावसातल्या वाचकांनी मात्र दगड-मुरूम दाबून त्यावर पत्र्याची शेड घातल्याशिवाय जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा प्रयोग करू नये.

आता गव्हाणीविषयी. लोखंडाचा आग्रह मी धरणार नाही. उन्हात तापते, आणि गंजली की कडा कापतात. तळ असलेली, घोड्याच्या गुडघ्याएवढ्या उंचीची लाकडी पेटी किंवा विटा-सिमेंटची गव्हाण पुरे. कोपरे गोल असावेत, एकही खिळा वर आलेला नसावा आणि तळाला पावसाचे पाणी जाण्यासाठी भोक असावे. डोक्याच्या वर टांगलेली जाळी टाळावी, कारण धुरळा आणि कुसळे थेट डोळ्यांत व नाकात पडतात. मान खाली घालून खाणे ही घोड्याची स्वाभाविक ठेवण आहे आणि त्यामुळे श्वासनलिकेतला कचरा बाहेर पडण्यास मदत होते. दोरीच्या जाळीत भरून गवत देण्याची पद्धत चांगली आहे, आणि भोके लहान असली तर खाण्याचा वेगही कमी होतो, परंतु ती मऊ गवतासाठी. कडब्याचे धांडे जाळीतून भाल्यासारखे बाहेर येतात. पायाला नाल असलेल्या घोड्यासमोर खाली बांधलेली जाळी तर केव्हाही अडकून अपघात घडवील.

कडब्याचे धांडे वाया जाऊ नयेत यासाठी एक ते दीड इंच लांबीची कुट्टी करून, पाण्याचा हलका शिपका मारून गव्हाणीत घालावी. पाने वेचून धांडे टाकण्याची सोय घोड्याला राहत नाही, आणि वाऱ्याने कुट्टी उडतही नाही. याहून बारीक, भुशासारखी कुट्टी करू नये. ती नीट चावली जात नाही आणि आतड्यात गच्च बसते, विशेषतः पाणी कमी प्यायल्यास. तीनशे किलोच्या घोड्याला साधारण पंधरा लिटर, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट पाणी लागते.

चंदीचे घमेले हलके असल्यामुळे उलटते. तेथे जड, पसरट आणि उथळ भांडे ठेवावे आणि त्यात पंचगंगेत मिळतात तसे गुळगुळीत, मुठीहून मोठे चार-पाच गोटे टाकावेत. गोट्यांच्या फटींतून दाणे शोधावे लागले की घास लहान होतो आणि दाणे उडत नाहीत. तिघांना चंदी एकाच वेळी, वेगवेगळ्या खुंट्यांना बांधून द्यावी आणि शेवटच्याचे संपेपर्यंत कोणालाही सोडू नये. एका वेळी दीड किलोहून अधिक चंदी तीनशे किलोच्या घोड्याला देऊ नये. आणि स्पष्टच विचारतो : आपले घोडे काम करतात का? केवळ चरणाऱ्या, अंगाने भरलेल्या घोड्याला हरभऱ्याची गरज बहुधा नसते. तसे असल्यास लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानाची पायरी चढण्याचे टाळणे हीच आपली सर्वांत मोठी बचत ठरेल.

जमिनीवर सांडलेले वेचून खाणाऱ्या घोड्याच्या पोटात माती आणि वाळू साठते, हा सांडण्याचा दुसरा तोटा आहे. ताज्या लिदीचे पाच-सहा गोळे (जमिनीला न टेकलेल्या भागातले) बादलीभर पाण्यात कालवून पंधरा मिनिटे ठेवावेत आणि वरचे पाणी हळूच ओतून तळ पाहावा. चमचाभर वाळू निघाली तर पशुवैद्यांना दाखवावे.

प्रश्न : रंकाळ्यावर सुट्टीच्या दिवशी मुलांना घोड्यावरून फिरवण्याचा आमचा व्यवसाय आहे. आजोबा तोबरा (घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) वापरत. हल्ली तो दिसत नाही. पुन्हा वापरावा का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अवश्य वापरावा. पानाचा तोबरा भरणारे पुष्कळ उरले आणि घोड्याचा तोबरा मात्र दिसेनासा झाला, हे काही बरे झाले नाही. रस्त्यावर किंवा तळ्याकाठी, जेथे गव्हाण नाही आणि खाली टाकलेला दाणा वाळूत मिसळतो, तेथे तोबऱ्यासारखे दुसरे साधन नाही. शिवाय कोणी किती खाल्ले हे नेमके कळते. जाड कापडाचा शिवून घ्यावा, नाकपुड्यांच्या उंचीवर हवेसाठी आणि तळाला पाणी निथळण्यासाठी भोके ठेवावीत. पट्टा असा बांधावा की ओठ तळापर्यंत पोहोचतील. तो ढिला राहिला की शेवटचे दाणे मिळवण्यासाठी घोडा मान वर फेकतो आणि तेव्हाच दाणे उडतात. चंदी किंचित ओलवावी, म्हणजे पीठ नाकात जात नाही. संपताच तोबरा काढावा आणि रोज धुवावा. तोबरा बांधलेल्या घोड्याला कधीही मोकळे सोडू नये. पाणी प्यायला तळ्यात तोंड घातले तर पिशवी पाण्याने भरते आणि जनावर गुदमरून मरू शकते. रंकाळ्याकाठी ही खबरदारी विशेषच घ्यायला हवी.

प्रश्न : आमची सोळा वर्षांची घोडी गवताचे अर्धवट चावलेले बोळे तोंडातून टाकते. गव्हाण बदलली, तरी तेच. – एक वाचक, पन्हाळा

उत्तर : येथे गव्हाणीचा दोष नाही. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि झिजताना वरच्या दाढांना बाहेरून, खालच्या दाढांना आतून धारदार कडा येतात. त्यांनी गाल आणि जीभ कापली की घोडी चावता चावता घास टाकून देते. पशुवैद्यांकडून दाढा कानशीने घासून घ्याव्यात आणि पुढेही दरवर्षी तपासाव्यात. आपल्याकडच्या माळावर दुसरेही एक कारण संभवते. पावसाळा सरला की कुसळी गवताची तुसे पिकून हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात आणि तेथे जखमा होतात. तोंड उघडून बॅटरीच्या उजेडात पाहून घ्यावे. दिवाळीनंतरसाठी गवत साठवायचे असल्यास ते कुसळे धरण्याआधीच कापावे. दाढा दुरुस्त होईपर्यंत भिजवलेली कुट्टी द्यावी.

प्रश्न : घोड्यांचे उरलेले आम्ही म्हशींना घालतो. म्हशींचे उरलेले घोड्यांना चालेल का? – एक वाचक, तालुका कागल

उत्तर : घोड्यांनी टाकलेले स्वच्छ धांडे म्हशींना खुशाल घालावेत. उलट दिशेने मात्र वैरणीखेरीज काही देऊ नये. काही पशुखाद्यांत आणि कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते; गाय, म्हैस आणि कोंबडी त्याचे ठरावीक प्रमाण सहन करतात, परंतु घोड्याच्या हृदयाला अगदी अल्प मात्राही इजा करते आणि घोडा दगावतो. म्हणून गोठ्यातले खाद्य, सांडलेले असो वा पोत्यात उरलेले, घोड्यापासून दूर ठेवावे, आणि खाद्याच्या रिकाम्या पोत्यात त्याची चंदीही भरू नये. काळी पडलेली, बुरशीचा वास येणारी वैरण किंवा बुरसलेला मका ‘टाकून कशाला द्यायचा’ म्हणून घोड्याला घालणे तर सर्वांत महाग पडते, कारण बुरशी लागलेल्या मक्यामुळे घोड्याचा मेंदू कायमचा बिघडू शकतो. असा मका थेट उकिरड्यात टाकावा.

हंगामात फुकट मिळणारे उसाचे वाडे आणि गोठ्यासाठी लावलेले हत्ती गवत याविषयीही आपण विचारले आहे. दोन्हींत ऑक्सालेट असते, ते खाद्यातल्या चुन्याला (कॅल्शियमला) बांधून ठेवते आणि बराच काळ तेच मुख्य खाद्य राहिल्यास घोड्याची हाडे ठिसूळ होऊन जबडा सुजतो. म्हशींचे त्याने फारसे बिघडत नाही. म्हणून वाडे म्हशींपुढे टाकून, त्यांच्यासाठी ठेवलेल्या कडब्यातला वाटा घोड्यांकडे वळवावा.